स्ट्रूपच्या प्रयोगात फरकच येत नाही, काय चुकतंय?

तुम्ही लिहिलंय की पदवीच्या प्रात्यक्षिकात 20 प्रयोज्य (ज्यांच्यावर प्रयोग होतो ती माणसं) घेतले, त्यांना शाईचा रंग सांगायला लावला: आधी रंगीत चौकोन आणि मग विसंगत शब्द (म्हणजे ‘लाल’ हा शब्द निळ्या शाईत), दोन्ही तक्त्यांत 20-20 नग. तरी दोन्ही वेळा जवळपास सारख्याच आल्या. प्रयोज्य कमी पडले म्हणून असं झालं का, हा तुमचा प्रश्न.

नाही. शब्द आपोआप वाचला जातो आणि शाईचा रंग सांगायला अडवतो, हा स्ट्रूप परिणाम फार ठळक असतो. मानसशास्त्रज्ञ स्ट्रूपच्या 1935 च्या मूळ प्रयोगात 100 चौकोनांचे रंग सांगायला सरासरी 63.3 सेकंद लागले आणि 100 विसंगत शब्दांच्या शाईचे रंग सांगायला 110.3. एवढा फरक 20 जणांत लपत नाही, त्यामुळे पद्धत तपासा.

माझा पहिला संशय क्रमावर आहे. सगळ्यांनी चौकोन आधी केले, म्हणजे रंग सांगण्याचा सराव तिथेच झाला आणि त्याचा फायदा दुसऱ्या तक्त्याला मिळाला. निम्म्यांना उलटा क्रम द्या. त्याआधी सगळ्यांना 10 नगांचा सराव द्या, तो मोजू नका.

दुसरी गोष्ट तक्त्याची. 20 नग फारच कमी, एकदा अडखळलं की सगळी वेळ बिघडते. 5 रंग घ्या. प्रत्येक शब्द उरलेल्या 4 रंगांत छापला की 20 जोड्या होतात. प्रत्येक जोडी 5 वेळा आली की 100 नग, 10 ओळी, 10 रकाने. एकच शाई लागोपाठ दोनदा येऊ देऊ नका. दोन-तीनच रंग घेऊन ‘लाल’ कायम हिरव्यातच छापला, तर प्रयोज्य ती जोडीच पाठ करतो आणि अडथळा विरतो. चौकोनांच्या तक्त्यात शाईचा क्रम तोच ठेवा. पांढऱ्या कागदावर पिवळा नको, आणि प्रिंटरवर तपकिरी व लाल वेगळे दिसतात ना ते बघा. ते एकसारखे दिसले तर चौकोनांनाच जास्त वेळ लागतो आणि फरक आक्रसतो.

शब्द प्रयोज्य लहानपणापासून ज्या भाषेत वाचतो त्याच भाषेतले हवेत. कमी सरावाच्या भाषेतला शब्द आपोआप वाचला जात नाही, मग अडवणार काय? उत्तरंही त्याच भाषेत घ्या.

सूचना शब्दशः अशी द्या: ‘शब्द वाचू नका, शाईचा रंग मोठ्याने सांगा. चुकलात तर दुरुस्त करूनच पुढे जा.’ दुसरं वाक्य गाळलं की लोक चुका टाकून पळतात आणि वेळ कमी दिसते. चुका टिपायला उत्तरांचा कागद घेतलेला वेगळा माणूस बसवा, स्टॉपवॉचवाल्याला दोन्ही जमत नाही. डोळे किलकिले करून अक्षरं धूसर करणारे हमखास भेटतात, त्यांच्याकडे लक्ष ठेवा.

टी चाचणी (दोन सरासरींतला फरक खरा की योगायोगाचा हे तपासणारी) जोडीच्या गुणांची लावा, कारण दोन्ही वेळा त्याच माणसाच्या आहेत. स्वतंत्र गटांची लावली तर मुळातल्या हळू-भरभर बोलण्यात फरक बुडतो.

जुन्या नोंदी टाकण्याआधी एक बघा: कुणाचा विसंगत तक्ता 8-9 सेकंदांत संपलाय का? मूळ प्रयोगात 100 शब्द नुसते वाचायला सुमारे 41 सेकंद लागले होते, म्हणजे 20 ला साधारण एवढेच. तो प्रयोज्य बहुधा रंग सांगतच नव्हता, शब्द वाचत होता.