ओढा खोल केल्याने वाहता होईल का?

प्रश्न : आमचे गाव माणगंगेला मिळणाऱ्या एका ओढ्याच्या काठी आहे. माझ्या लहानपणी हा ओढा शिमग्यापर्यंत वाहत असे आणि त्यानंतरही पात्रातील वाळूत हातभर झिरा काढला की पिण्याचे पाणी मिळत असे. आता दिवाळीतच पात्र कोरडे पडते. गावाने लोकवर्गणी गोळा केली असून पोकलेन लावून दोन किलोमीटर पात्र खोल आणि रुंद करायचे ठरवले आहे. ओढा पुन्हा वाहता होईल का?
(एक शेतकरी, ता. माण, जि. सातारा)

उत्तर : केवळ खोलीकरणाने होणार नाही, आणि चुकीच्या ठिकाणी खोदल्यास आज आहे तेही पाणी कमी होईल. गावाने पैसे गोळा केले आहेत, म्हणून हे आधीच स्पष्ट सांगणे मला आवश्यक वाटते.

पाऊस थांबल्यावरही ओढा का वाहत असे, याचे उत्तर पात्रात नसून काठच्या शिवारात आहे. जून ते ऑक्टोबरमध्ये, विशेषतः हस्ताच्या पावसात, जमिनीत मुरलेले पाणी मुरुमातून आणि झिजलेल्या खडकातून हळूहळू उताराकडे सरकते आणि पात्राच्या तळाशी पाझरते. विहिरींची पातळी ओढ्याच्या तळापेक्षा उंच असेपर्यंत विहिरीकडचे पाणी ओढ्याला मिळते. ती पातळी तळाच्या खाली गेली की उलटे घडते आणि ओढ्यात आलेले पाणी विहिरी व विंधन विहिरी ओढून घेतात. आपला ओढा दिवाळीत आटतो, याचा अर्थ शिवारातील भूजल तोपर्यंत त्याच्या तळाखाली उतरलेले असते. तळ आणखी दोन मीटर खाली नेला तर काही आठवडे पाणी दिसेल, परंतु ते काठच्या विहिरींतूनच निथळून आलेले असेल.

आपल्याकडील खडकाची रचनाही लक्षात घ्यावी. महाराष्ट्राचा सुमारे 82 टक्के भूभाग बेसाल्टचा, म्हणजे लाव्हा थिजून झालेल्या खडकाचा आहे आणि त्यात काळा पाषाण (कठीण, घट्ट खडक) व मांजऱ्या (मऊ, सच्छिद्र खडक) यांचे थर एकाआड एक येतात. मांजऱ्यात आणि झिजलेल्या मुरुमात पाणी साठते, तर भेगा नसलेल्या काळ्या पाषाणात ते जवळजवळ शिरतच नाही. खोदताना यंत्र काळ्या पाषाणावर टेकले तर तेथे केवळ उघडे टाके तयार होते, आणि मांजऱ्याचा पाणी धरणारा थर चिरला गेला तर शेजारच्या विहिरी त्या चरात रिकाम्या होतात. धुळे जिल्ह्यातील शिरपूर तालुक्याच्या खोलीकरणाचे उदाहरण नेहमी दिले जाते, पण तापीच्या खोऱ्यातील खोल गाळाच्या थरांना जे लागू पडते ते माणदेशातील उथळ खडकाला तसेच लागू पडेल असे गृहीत धरता येत नाही. म्हणून यंत्र लावण्यापूर्वी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयाकडून किंवा एखाद्या भूवैज्ञानिकाकडून पात्राची पाहणी करून घ्यावी. बंधाऱ्यामागे साचलेला गाळ काढून शेतात टाकणे योग्यच आहे. वाळू मात्र एक घमेलेभरही काढू नये. आपल्या लहानपणीचा झिरा त्या वाळूमुळेच होता, कारण वाळूच्या पोकळ्यांत पाणी साठते आणि वरचा कोरडा थर त्याचे उन्हापासून रक्षण करतो.

वर्गणीचा पैसा आधी माथ्यावर खर्च व्हावा, असे माझे ठाम मत आहे. डोंगरउतारावरचे सलग समतल चर (उताराला आडवे, एकाच पातळीत खणलेले चर), घळींतील दगडी बांध आणि शेतांची बांधबंदिस्ती ही कामे पोकलेनसारखी डोळ्यांत भरत नाहीत, पण पाणी जमिनीत मुरवण्याचे काम तीच करतात.

परंतु मुरवलेले पाणी टिकेल की नाही, हे उपशावर ठरते, आणि याबाबत गावोगावच्या बैठकांत फारच कमी बोलले जाते. एक हिशेब मांडून पाहा. गावाचे शिवार 1000 हेक्टर आणि पाऊस 500 मिलिमीटर धरला तर गावावर 500 कोटी लिटर पाणी पडते. त्यातील दहा टक्के मुरले असे मानले तर भूजलात 50 कोटी लिटरची भर पडते. 1500 लोकांना माणशी रोज 55 लिटरप्रमाणे वर्षाला सुमारे 3 कोटी लिटर पाणी लागते. एक एकर उसाला पाटाने 2000 मिलिमीटर पाणी दिले तर सुमारे 80 लाख लिटर लागतात. म्हणजे चार एकर ऊस साऱ्या गावाच्या वर्षभराच्या पिण्याच्या पाण्याहून अधिक पाणी घेतो, आणि साठ-बासष्ट एकर ऊस गावात मुरलेले सगळे पाणी संपवतो. शिवार जवळपास अडीच हजार एकरांचे आहे, हे यासोबत ध्यानात घ्यावे.

बेसाल्टमधील साठा फसवाही असतो. या खडकाच्या शंभर भागांतून जेमतेम दोन भाग पाणी आपल्याला मिळते असे धरले, तर विहिरीची पातळी पाच मीटर चढली तरी प्रत्यक्ष भर केवळ दहा सेंटिमीटर पाण्याची असते. पातळी भराभर वाढते, लोकांना विहीर तुडुंब दिसते आणि ऊस लावला जातो. उन्हाळ्यात ती तितक्याच वेगाने उतरते.

अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने हा हिशेब ग्रामसभेत मांडण्याची पद्धत रुजवली. तेथे दरवर्षी पाऊस मोजून उपलब्ध पाण्याचा ताळेबंद मांडला जातो आणि त्यावरून पिके ठरतात. ऊस व केळी यांना आणि शेतीसाठी विंधन विहिरींना गावानेच मनाई केली आहे. आपल्या गावातही ऑक्टोबरअखेर पर्जन्यमापकाची नोंद आणि दहा-बारा विहिरींची पातळी फळ्यावर लिहून ग्रामसभा घ्यावी, आणि रब्बीत ज्वारी किती, हरभरा किती आणि पाण्याचे पीक किती हे तेथे ठरवावे. महाराष्ट्र भूजल अधिनियम, 2009 नुसार शेतीसाठी 60 मीटरहून खोल विहीर घेण्यास मनाई आहे. नव्या विंधन विहिरीचा विषय निघाला की ही तरतूद वाचून दाखवावी.

प्रश्न : आमच्या डाळिंबाच्या बागेसाठी प्लास्टिकचे अस्तर घातलेले शेततळे आहे. विंधन विहिरीचे पाणी आम्ही हिवाळ्यात त्यात भरून ठेवतो. ही बचत म्हणता येईल का?
(एक वाचक भगिनी, ता. सांगोला, जि. सोलापूर)

उत्तर : आपल्या बागेपुरती ती सोय आहे, परंतु गावाच्या पाण्याच्या दृष्टीने तोटा आहे. जमिनीखाली असलेले पाणी आपण उन्हात आणून ठेवता. आपल्या भागात उघड्या पाण्यातून वर्षाला सुमारे दीड मीटर पाणी उडून जाते असे धरले, तर 30 मीटर लांब आणि तितक्याच रुंद तळ्यातून साडेतेरा लाख लिटर पाण्याची वाफ होईल. शिवाय शेजाऱ्याच्या विहिरीला उन्हाळ्यात लागणारे पाणी डिसेंबरातच उपसले जाते. पावसाचे वाहून जाणारे पाणी अडवून भरलेल्या तळ्याची गोष्ट वेगळी, ते जरूर भरावे. बहार धरताना, म्हणजे झाडे फुलोऱ्यावर आणताना, उन्हाळ्यातील पाण्यावर अवलंबून असलेला आंबे बहार शक्यतो टाळावा आणि झाडांच्या आळ्यांत जाड आच्छादन करावे.

प्रश्न : टेंभू उपसा सिंचन योजनेचे पाणी आमच्याकडे आल्यावरही गावातील पाण्याची ही मोजदाद लागेलच का?
(एक वाचक, ता. आटपाडी, जि. सांगली)

उत्तर : लागेल, आणि अधिक काटेकोरपणे लागेल. ते पाणी कराड तालुक्यात कृष्णेतून उचलून टप्प्याटप्प्याने वर चढवले जाते आणि प्रत्येक टप्प्याला वीज खर्च होते. त्यावर आधी कोणाचा हक्क, हाच खरा प्रश्न आहे. 1972 च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांनी उभ्या केलेल्या पाणी पंचायतीने पाणी जमिनीच्या क्षेत्रावर न देता कुटुंबातील माणसांच्या संख्येवर दिले, भूमिहीनांनाही वाटा दिला आणि ऊस वगळला. आपल्या शेजारच्या खानापूर तालुक्यात येरळा नदीवर लोकांनी बांधलेल्या बळीराजा धरणामागेही समन्यायी वाटपाचाच विचार होता, आणि आटपाडीकरांनी त्याच मागणीसाठी दीर्घ लढा दिला आहे. पाण्याचे आवर्तन (पाळी) सुटण्यापूर्वी पाणीवापर संस्थेच्या बैठकीत प्रत्येक कुटुंबाचा वाटा लिहून घ्यावा, भूमिहीन कुटुंबांची नावे त्याच यादीत असावीत आणि ती यादी चावडीवर लावावी. एकदा उसाची लागण झाल्यावर वाटपाची चर्चा करणे फार कठीण जाते.