कोलोनोस्कोपीआधीचे दोन-तीन दिवस: हा उपवास नव्हे

प्रश्न : माझा मुलगा सहा वर्षांचा असून त्याचे वजन १९ किलो आहे. गेले दोन महिने शौचाबरोबर लाल रक्त पडते, मात्र दुखत काहीच नाही. पुढच्या आठवड्यात कोलोनोस्कोपी (दुर्बिणीने मोठे आतडे आतून पाहण्याची तपासणी) ठरली आहे. आदले दोन दिवस दूध आणि फळांवर ठेवले की पोट आपोआप साफ होईल, असे सासूबाईंचे म्हणणे आहे. माझ्या दिरांच्या याच तपासणीच्या वेळचे, पोट साफ करण्याच्या पावडरीचे एक पाकीट घरात शिल्लक आहे. त्यातले अर्धे मुलाला दिले तर चालेल का? त्याला रक्तवाढीचे लोहाचे औषधही चालू आहे.
— एक आई, सांगली जिल्हा

उत्तर : या वयात न दुखता लाल रक्त पडत असेल, तर बरेचदा मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागात देठ असलेला एक मांसल कोंब सापडतो. त्याला ज्युव्हेनाइल पॉलिप म्हणतात. तो एकटाच असेल तर सहसा निरुपद्रवी असतो आणि त्याच तपासणीत, दुर्बिणीतून तारेचा फास टाकून देठापाशी कापून काढता येतो. मात्र आतड्यात मळ उरला तर असा कोंब त्याखाली दडून राहतो, तपासणी पुन्हा करावी लागते आणि मुलाला भूलही पुन्हा द्यावी लागते.

सासूबाईंची काळजी योग्य आहे, पण दूध आणि फळांनी आतडे साफ होत नाही. उलट फळांच्या साली, बिया आणि चोथा यांचीच दुर्बिणीला अडचण होते. आदले दोन-तीन दिवस, किंवा आपले डॉक्टर सांगतील तितके दिवस, मागे चोथा न उरणारे जेवण द्यावे: मऊ भात, मुगाच्या डाळीचे पातळ वरण, इडली, सोललेला उकडलेला बटाटा, अंडे, दही, रव्याची खीर. भाकरी, पालेभाज्या, मोड आलेली कडधान्ये, पेरू, डाळिंब, टोमॅटो आणि तीळ बंद ठेवावेत. साबुदाण्याची खिचडी हलकी समजून हमखास केली जाते, पण तिच्यातले शेंगदाण्याचे कूट नडते. असे बारीक तुकडे दुर्बिणीच्या शोषनळीत अडकतात.

तपासणीच्या आदल्या दिवशी बहुतेक ठिकाणी फक्त निवळ पातळ पदार्थ द्यायला सांगतात. काचेच्या पेल्यात ओतल्यावर पलीकडची छापील अक्षरे वाचता आली, तर तो पदार्थ निवळ समजावा. शहाळ्याचे पाणी, गाळलेले लिंबू सरबत, गाळलेला सफरचंदाचा रस, भाज्यांचे गाळून घेतलेले पाणी हे चालते. दूध, ताक आणि पेज गढूळ असल्यामुळे चालत नाहीत. कोकम सरबत किंवा गुलाबाचे सरबतही त्या दिवशी नको, कारण त्यांचा लाल रंग आत रक्तासारखा दिसू शकतो. मुलाला या दिवशी नुसत्या पाण्यावर मात्र कधीही ठेवू नये. वारंवार जुलाब होत असताना साखर आणि मीठ पोटात गेले नाही, तर लहान मुलाच्या रक्तातली साखर आणि सोडियम दोन्ही उतरू शकतात. म्हणूनच हा दिवस उपवासाचा मानू नका; दर थोड्या वेळाने काहीतरी गोड, काहीतरी खारट पाजत राहणे हेच त्या दिवशीचे काम आहे.

आता घरातल्या पाकिटाविषयी. ते देऊ नये, अर्धेही नाही. मुलांचे प्रमाण वजनावरून ठरते. क्षार मिसळलेली पॉलिएथिलीन ग्लायकॉलची पावडर वापरायची असेल, तर तिचे द्रावण दर किलोला तासाला साधारण २५ मिलिलिटर या हिशेबाने, शौच निवळ होईपर्यंत देतात. आपल्या मुलासाठी हे तासाला पावणेपाचशे मिलिलिटरच्या आसपास होते. सहा वर्षांचे मूल एवढे खारट पाणी आपणहून पिणे अवघड असते, त्यामुळे काही मुलांना दाखल करून नाकातून घातलेल्या नळीने ते द्यावे लागते. हा आकडा केवळ कल्पना यावी म्हणून दिला आहे, त्यावरून घरी औषध मोजू नये. बद्धकोष्ठावर मिळणारी, क्षार नसलेली पावडर वेगळी असते. तिचे प्रमाण आणि कालवण्याची रीतही वेगळी असते, म्हणून एकीच्या जागी दुसरी वापरता येत नाही. डॉक्टरांनी मुलासाठी दिलेली पावडर पाकिटावर लिहिले असेल तेवढ्याच पाण्यात विरघळवावी, द्रावण थंड करून स्ट्रॉने थोडे थोडे पाजावे आणि चव लपवण्यासाठी त्यात मनाने साखर घालू नये. फॉस्फेटचा एनिमाही (पोट साफ होण्यासाठी गुदद्वारातून द्यायचे औषध) स्वतः आणून देऊ नये; लहान मुलांत त्याने रक्तातले फॉस्फेट वाढून कॅल्शियम धोकादायक पातळीपर्यंत घसरू शकते.

लोहाच्या औषधाने मळ काळा आणि चिकट होतो. ते सहसा पाच ते सात दिवस आधी थांबवतात, त्यामुळे डॉक्टरांना आजच फोन करून विचारा. मुलाला जुने बद्धकोष्ठ असेल तर तेही याच फोनवर सांगा, कारण मग तयारी आणखी काही दिवस आधी सुरू करावी लागते.

शौच फिकट पिवळ्या पाण्यासारखे, कण नसलेले होऊ लागले की तयारी झाली असे समजावे. सारखे पुसून जागा लाल होते, म्हणून पुसण्याऐवजी पाण्याने धुऊन, टिपून, व्हॅसलिन लावावे. पुन्हा पुन्हा उलट्या होणे, पोट फुगून घट्ट होणे, मूल मलूल पडणे किंवा सहा-आठ तास लघवी न होणे, यांतले काही दिसल्यास द्रावण थांबवून लगेच रुग्णालय गाठावे.

भुलेपूर्वी दूध व घन आहार किमान सहा तास आणि निवळ पदार्थ साधारण दोन तास बंद ठेवतात. नेमकी वेळ आपल्या भूलतज्ज्ञांकडून लिहून घ्या आणि घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा, कारण पहाटे रडणाऱ्या नातवाला कपभर दूध देणारे हात बहुधा आजीचेच असतात. पॉलिप निघाला तर तो सूक्ष्मदर्शकाखाली तपासायला पाठवतात. तो अहवाल आठवणीने घ्यावा. पॉलिप काढल्यानंतर एक-दोनदा शौचाला थोडे रक्त दिसू शकते, पण पुढच्या दोन आठवड्यांत कधीही भरपूर रक्त पडले किंवा पोटात जोरात दुखू लागले, तर त्याच दिवशी मुलाला दाखवावे.