वीस वर्षांनी पुन्हा टायगर या दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन रणगाड्याचं मॉडेल रंगवतोय. धूळ, गंज, झीज खरी कशी दिसेल?

पुन्हा ब्रश हातात घेतलात, फार बरं वाटलं! १:३५ चा, म्हणजे खऱ्याच्या पस्तिसाव्या हिश्शाचा टायगर असेल तर फेब्रुवारी १९४३ नंतरचा गडद पिवळा रंग घ्या, त्यावर धूळ छान खुलते. ॲक्रिलिक पूर्ण वाळू द्या, मग ग्लॉस वार्निश, त्यावर इनॅमलचा तपकिरी वॉश, म्हणजे खूप पातळ केलेला रंग. बारीक ब्रशचं टोक वेल्डच्या कडेला टेकवलं की रंग आपोआप खाचेत धावतो. ते बघायला मला आजही आवडतं. जास्त झाला तर व्हाइट स्पिरिटने पुसा, खालचा थर हलत नाही. रंग उडाल्याच्या खुणा स्पंजच्या तुकड्याने, पण हॅचच्या (वरच्या झाकणांच्या) कडांवर आणि सैनिकांचे पाय पडत तिथेच. चाकांभोवतीच्या लोखंडी पट्ट्यांना भडक केशरी गंज नको. चालत्या रणगाड्याचं लोखंड जमिनीला घासून चकाकतं, तिथे पेन्सिलचं शिसं बोटाने चोळा.