मुलांच्या हृदयाच्या ठोक्यांची डॉक्टर व्हायचंय: किती वर्षं, कोणत्या वाटेनं?

प्रश्न: माझी मुलगी अकरावी सायन्सला आहे, शिकवणीसाठी लातूरला ठेवली आहे. आमच्या धाकट्याला (वय नऊ) बसल्या जागी छातीत धडधड सुरू व्हायची. एसव्हीटी (ठोके अचानक फार जलद होण्याचा आजार) निघालं. पुण्यात मांडीच्या शिरेतून तारा घालून, ठोके बिघडवणारी जादा वीजवाट बंद करणारं अ‍ॅब्लेशन केलं, आता तो ठणठणीत आहे. तेव्हापासून मुलगी एकच म्हणते, मला हीच डॉक्टर व्हायचंय. उदगीरला आमचं किराणा दुकान आहे, घरात कोणी डॉक्टर नाही. किती वर्षं लागतील, खर्च किती, एक्स-रेच्या खोलीतलं काम मुलीला झेपेल का, आणि नीटमध्ये नाहीच जमलं तर काय?

उत्तर:

नमस्कार. या शाखेला दवाखान्यात नुसतं ‘ईपी’ म्हणतात, म्हणजे इलेक्ट्रोफिजिओलॉजी. हृदय आकुंचन पावतं ते विजेच्या इशाऱ्यावर. तो इशारा कुठे उगम पावतो, कोणत्या वाटेनं जातो आणि कुठे वाट चुकतो, हे पाहणारी ही शाखा. त्यातही फक्त मुलांचं ईपी करणारे डॉक्टर आपल्या देशात मोजके आहेत. बऱ्याच ठिकाणी मुलाचं अ‍ॅब्लेशन मोठ्यांचे ईपी डॉक्टर करतात आणि बाल-हृदयरोगतज्ज्ञ सोबत उभे असतात. हे आधी सांगण्याचं कारण असं, की या कामाकडे जाणाऱ्या वाटा दोन आहेत आणि त्यांतली निवड मुलीला अकरावीत नव्हे, एमबीबीएसनंतर करायची आहे.

आधी वर्षांचा हिशेब. एमबीबीएसची साडेचार वर्षं आणि एक वर्ष इंटर्नशिप. मग एमडी तीन वर्षं, डीएम (एमडीनंतरची अतिविशेष पदवी) तीन वर्षं, त्यावर ईपीची फेलोशिप एक ते दोन वर्षं. कागदावर साडेबारा-साडेतेरा होतात. प्रत्यक्षात नीट-पीजीच्या (एमडीच्या प्रवेशपरीक्षेच्या) तयारीत एखादं वर्ष जातं, सरकारी जागेच्या बंधपत्राची सेवा करावी लागते, नीट-एसएसचा (डीएमच्या प्रवेशपरीक्षेचा) निकाल आणि प्रवेशफेऱ्या लांबतात. म्हणून स्वतःच्या हातानं मुलांची अ‍ॅब्लेशन करायला लागेपर्यंत वय बत्तीस ते चौतीस होतं, असं धरून चला. घाबरू नका, कारण यातली प्रत्येक पायरी स्वतःच्या पायावर उभी आहे. मुलगी बालरोगतज्ज्ञ होऊन थांबली तरी उदगीरला तिची गरज आहे.

पहिली वाट बालरोगाची. एमबीबीएस, मग एमडी बालरोग, मग डीएम बाल-हृदयरोग, मग ईपी. डीएम बाल-हृदयरोगाच्या जागा थोड्या आहेत. दिल्लीचं एम्स आणि कोचीचं अमृता ही त्यातली ठळक नावं. एम्ससारख्या राष्ट्रीय संस्थांची प्रवेशपरीक्षा वेगळी असते. एमडीसाठी आयएनआय-सीईटी, डीएमसाठी आयएनआय-एसएस. इतर ठिकाणी नीट-पीजी आणि नीट-एसएस. दुसरी वाट एमडी मेडिसिन, डीएम कार्डिओलॉजी, मग ईपी, आणि त्यानंतर मुलांच्या कामाकडे वळणं. ईपीच्या फेलोशिपसाठी तिरुवनंतपुरमची श्री चित्रा संस्था आणि वेल्लोरचं सीएमसी ही जुनी, भरवशाची ठिकाणं. परदेशात हाच क्रम थोडा वेगळा आहे. अमेरिकेत तीन वर्षं बालरोग, तीन वर्षं बाल-हृदयरोग आणि त्यावर ईपीचं किमान एक वर्ष.

दोन्ही वाटांमध्ये उणं काय राहतं तेही ऐका. बालरोगाच्या वाटेनं आलेल्याला मूल कळतं, डोस कळतात, जन्मजात वाकडीतिकडी हृदयं कळतात, पण कॅथेटरवर (शिरेतून हृदयात न्यायच्या पातळ नळीवर) हात बसायला वेळ लागतो. मेडिसिनच्या वाटेनं आलेल्याचा हात लवकर बसतो, कारण मोठ्या माणसांच्या केसेस रोज असतात. पण बारा किलोचं मूल टेबलावर आलं की शिरा, अंतरं, भूल सगळंच बदलतं. मला विचाराल तर, जिला रडणाऱ्या मुलाच्या पलंगाशी बसायला आवडतं तिनं बालरोग घ्यावं आणि हात बसवायला एक वर्ष जास्त द्यावं. फेलोशिप निवडताना मात्र संस्थेच्या नावापेक्षा तीन गोष्टी विचाराव्यात. गेल्या वर्षी इथे मुलांची अ‍ॅब्लेशन किती झाली? त्यांत वीस किलोखालची किती? आणि कॅथेटर शिकणाऱ्याच्या हातात देतात की तो फक्त पडद्याकडे बघत उभा असतो? हे न विचारता गेलेल्यांचं वर्ष वाया गेल्यासारखं होतं.

आता काम कसं असतं ते जवळून पाहू, म्हणजे मुलीला आपण कशाच्या मागे लागलोय ते कळेल. दोन महिन्यांचं बाळ ‘धडधडतंय’ असं सांगत नाही. ते दूध ओढत नाही, घामेजतं, फिकट पडतं. बऱ्याचदा जंतुसंसर्ग समजून सलाईन लावलं जातं. मॉनिटरवर ठोके मिनिटाला 220 च्या वर आणि एकसारखे, खाली-वर न होणारे दिसले की एसव्हीटीचा संशय धरायचा. तापामुळे वाढलेले ठोके रडण्या-झोपण्याबरोबर बदलतात, हे बदलत नाहीत. बाळ स्थिर असेल तर आधी बर्फाच्या पाण्याची पिशवी कपाळावर आणि गालांवर काही सेकंद ठेवतात, नाक-तोंड मोकळं ठेवून. त्यानं थांबलं नाही तर ही धडधड तोडणारं औषध, अ‍ॅडेनोसिन. डोस किलोला 0.1 मिलिग्रॅम, म्हणजे पाच किलोच्या बाळाला अर्धा मिलिग्रॅम.

या औषधाची गंमत अशी, की ते रक्तात दहा सेकंदही टिकत नाही. म्हणून सुई कोपराच्या मोठ्या शिरेत हवी. तिला तीन तोंडांची तोटी लावायची, एका तोंडाला औषधाची सिरिंज, दुसऱ्याला सलाईनची. औषध ढकललं की त्याच श्वासात सलाईन जोरात ढकलायचं. तळहाताच्या मागच्या बारीक शिरेतून सावकाश दिलं तर औषध हृदयाशी पोचायच्या आतच संपतं आणि केसपेपरवर शेरा पडतो, ‘औषध लागू पडलं नाही’. खरं तर औषध पोचलेलंच नसतं. शिवाय त्या वेळी ईसीजीची पट्टी चालू हवी, कारण ठोके तुटताना उमटणाऱ्या चार-दोन लहरींत आजाराचं मूळ दिसतं. आणि त्या क्षणी पडद्यावरची रेघ काही सेकंद सपाट होते. आई शेजारी उभी असते. तिला हे आधी सांगून ठेवणं हाही उपचाराचाच भाग आहे.

तुमच्या मुलाचं झालं ते अ‍ॅब्लेशन. मांडीच्या शिरेतून कॅथेटर हृदयात नेतात, आतले विजेचे इशारे टिपतात, जादा वाट सापडली की तिथे रेडिओलहरींनी उष्णता देऊन ती बंद करतात. ऐकायला सोपं आहे. पण वीस किलोच्या मुलात ती जादा वाट आणि हृदयाची मूळ वीजवाहक गाठ, एव्ही नोड, यांत काही वेळा मोजकेच मिलिमीटर असतात. टोक सरकलं आणि नोड भाजला तर मुलाला आयुष्यभर पेसमेकर. म्हणून नोडजवळच्या जागी कित्येक डॉक्टर गोठवणारं कॅथेटर वापरतात. आधी उणे 30 अंशांपर्यंत गार करून पाहायचं. ईसीजीवर पीआर अंतर (इशारा वरच्या कप्प्यांतून खालच्या कप्प्यांत पोचायला लागणारा वेळ) लांबायला लागलं तर लगेच थांबायचं. जागा पुन्हा ऊबदार झाली की नोड सहसा पूर्ववत होतो. काही बिघडलं नाही तरच उणे 70-80 पर्यंत जायचं. याच धोक्यामुळे औषधांवर भागत असेल तर साधारण 15 किलो वजन होईपर्यंत थांबतात. कधी अ‍ॅब्लेशन करायचं नाही, हे ठरवण्यातच या डॉक्टरचा अर्धा कस लागतो.

आणि सगळं काम कॅथलॅबमध्ये, म्हणजे कॅथेटरच्या त्या एक्स-रेच्या खोलीत, होत नाही. ओपीडीत ‘फिट येते’ म्हणून वर्षानुवर्षं गोळ्या खाणारं मूल येतं आणि ईसीजीवर क्यूटी (खालच्या कप्प्यांतली वीज उमटून शांत होईपर्यंतचा वेळ) लांबलेला निघतो. पोहताना किंवा धावताना, गजराच्या आवाजानं दचकून, अशा वेळी मूल कोसळलं असेल तर ईसीजी झालाच पाहिजे. जन्मतः ऐकू न येणारं मूल बेशुद्ध पडत असेल तर नक्कीच. बहिरेपण आणि लांब क्यूटी यांची ही जोडी 1957 मध्ये नॉर्वेच्या दोन डॉक्टरांनी नोंदवली. जेर्वेल आणि लांगे-नील्सन ही त्यांची नावं त्या आजाराला आहेत. क्यूटी यंत्रानं छापलेला घेऊन चालत नाही, स्वतः मोजावा लागतो. मग पेसमेकरची बाळं. आईच्या रक्तातल्या काही प्रतिपिंडांमुळे गर्भातच हृदयाची वीजवाट तुटते. अशा नवजात बाळात शिरा बारीक असल्यानं तारा हृदयाच्या बाहेरून शिवतात आणि डबी पोटात ठेवतात. बॅटरी साधारण सात ते दहा वर्षं चालते, म्हणजे त्या मुलाशी डॉक्टरचं नातं लग्नाच्या वयापर्यंत राहतं.

एक्स-रेचं विचारलंत, योग्य विचारलंत. शिशाचा एप्रन घालून तासन्‌तास उभं राहावं लागतं आणि पाठ-कंबर धरते, हे खरं आहे. ते पुरुषांचंही तितकंच धरतं. किरणांची मोजणी होते. एप्रनच्या आत छातीशी टीएलडी बिल्ला लावायचा असतो आणि तो दर तीन महिन्यांनी तपासायला जातो. अणुऊर्जा नियामक मंडळाची मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीनं वर्षाला 20 मिलिसिव्हर्ट आणि कोणत्याही एका वर्षात 30. गरोदरपणी ही मर्यादा आणखी बरीच कडक असते. आता त्रिमितीय मॅपिंगमुळे, म्हणजे कॅथेटरच्या इशाऱ्यांवरून संगणकात हृदयाचा नकाशा काढण्यामुळे, मुलांची पुष्कळशी अ‍ॅब्लेशन अत्यल्प किंवा शून्य एक्स-रेवर होतात. हे तंत्र मुलांना वाचवायला मुलांच्या ईपीत फार मनापासून उचललं गेलं, त्याचा फायदा डॉक्टरलाही झाला. मुलीच्या जातीला झेपेल का, हा प्रश्न मनातून काढून टाका. बाल-हृदयरोग ही शाखाच उभी केली ती हेलन टॉसिग या बाईंनी, अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्समध्ये.

खर्चाचं स्पष्ट बोलतो. हे शिक्षण सरकारी जागेवरच परवडतं. खाजगी कॉलेजच्या मॅनेजमेंट कोट्यासाठी दुकान गहाण टाकू नका, कारण पुढे एमडी आणि डीएम शिल्लक आहेत आणि त्यांच्या खाजगी जागा त्याहून महाग. सरकारी कॉलेजात एमडीपासून विद्यावेतन मिळतं, घरून पैसे मागवायची वेळ सहसा येत नाही. राज्यातल्या सरकारी एमबीबीएस जागांपैकी 85 टक्के राज्याच्या कोट्यात असतात. त्यासाठी अधिवास दाखला, लागू असेल तर जातवैधता आणि नॉन-क्रीमिलेअर, उत्पन्नाचा दाखला हे अकरावीच्या सुट्टीतच काढून ठेवा. ऐन फेरीत जातवैधता हाती नसल्यानं जागा हुकते, हे दरवर्षी घडतं. बंधपत्र सही करण्याआधी पूर्ण वाचा: सेवा किती, दंड किती, मूळ कागद कधी परत. कमाईबद्दल खोटी आशा देत नाही. मुलांचं ईपी मोठ्यांच्या अँजिओप्लास्टीइतकं पैसे देत नाही. केसेस कमी, वेळ जास्त, आणि कित्येक मुलं सरकारी योजनांतून येणारी. शिवाय मॅपिंग यंत्र आणि मुलांची भूल देणारा चमू लागतो, त्यामुळे काम मोठ्या शहरातच मिळेल.

नीट जमलं नाही तर एक वर्ष परत द्यायला हरकत नाही. तिसऱ्या वर्षाबद्दल मात्र मुलीच्या चेहऱ्याकडे बघून ठरवा, क्लासच्या जाहिरातीकडे नव्हे. बीएएमएस किंवा बीएचएमएस करून पुढे या शाखेत येता येत नाही, त्यामुळे ‘डॉक्टर तर डॉक्टर’ म्हणून तो प्रवेश घेऊ नका. आयुर्वेदच शिकायचा असेल तर गोष्ट वेगळी. परदेशी एमबीबीएसलाही नीट पात्रता लागते आणि परत आल्यावर इथली परीक्षा द्यावी लागते.

याच कॅथलॅबमध्ये डॉक्टरशिवाय आणखी लोक असतात. पडद्यावरचे इशारे मोजणारे कार्डिअ‍ॅक टेक्नॉलॉजीचे पदवीधर, पेसमेकरचं प्रोग्रॅमिंग बघणारे बायोमेडिकल इंजिनीअर, मुलांच्या आयसीयूतल्या परिचारिका. चांगला टेक्निशियन नसेल तर ईपी डॉक्टर अर्धा आंधळा असतो. इंजिनीअरिंगचं दार उघडं ठेवायचं तर अकरावीला गणित सोडलेलं नसावं, एवढं आजच तपासा. सोडलं असेल आणि अजून बदलता येत असेल तर कॉलेजात विचारा.

शेवटी मुलीसाठी एक काम. भावाच्या फाईलमध्ये धडधड चालू असतानाचा ईसीजी असेल, तो तिला द्या. कागद सेकंदाला 25 मिलिमीटर सरकतो, म्हणजे एक बारीक चौकोन 0.04 सेकंदाचा. दोन उंच टोकांमधले बारीक चौकोन मोजायचे आणि 1500 ला त्या आकड्यानं भागायचं. सात चौकोन आले तर मिनिटाला 214 ठोके. मग अ‍ॅब्लेशननंतरचा ईसीजी शेजारी ठेवून तेच करायचं, आणि दोन्हींत आणखी काय काय वेगळं दिसतं ते वहीत लिहायचं. पुढच्या तपासणीला ती वही घेऊन तिलाही सोबत न्या आणि डॉक्टरांना दाखवू द्या.