जिनिंगच्या ऑफिसात व्हॉइसमेल बसवलं. आता सुरक्षा आणि सेटिंगचं काय करायचं?

हिंगणघाटजवळच्या तुमच्या जिनिंगमध्ये ईपीएबीएक्सवर (ऑफिसातले फोन एकमेकांना आणि बाहेरच्या लाइनींना जोडणाऱ्या मशीनवर) व्हॉइसमेल बसलंय, बसवणारा "सगळं चालू आहे" म्हणून निघून गेला, आता पुढे काय, असा तुमचा प्रश्न आहे.

आधी एक परीक्षा घ्या. रात्री बाहेरच्या मोबाइलवरून ऑफिसला फोन लावा. व्हॉइसमेल बोलायला लागलं की शून्य दाबा आणि पुढे दुसऱ्या एखाद्या मोबाइलचा नंबर दाबा. तो मोबाइल वाजला, किंवा शून्यानंतर नुसता डायल टोन आला, तर तुमच्या बिलावर परदेशात फोन लावायची वाट उघडी आहे. असे फोन बहुतेक रात्री किंवा सुटीत लागतात आणि कळतं ते बिल आल्यावर. म्हणून व्हॉइसमेलच्या पोर्टांना (मशीनमधल्या त्याच्या जोडण्यांना) बाहेरची लाइन मिळूच देऊ नका, फक्त आतली एक्स्टेंशन ठेवा. 'डिसा' (बाहेरून फोन करून मशीनची लाइन वापरायची सोय) बंद, बाहेरच्या नंबरावर फॉरवर्ड बंद. आयएसडी (परदेशी कॉल) लागत नसेल तर टेलिफोन कंपनीला अर्ज देऊन तिकडूनच बंद करून घ्या. मशीनमध्येही परदेशी कॉलच्या सुरुवातीचे ०० अडवा. बाहेरची लाइन शून्याने मिळत असेल तर ०००.

मेलबॉक्सचा (प्रत्येकाच्या संदेशांच्या कप्प्याचा) पिन बहुधा १२३४, ०००० किंवा एक्स्टेंशनचाच नंबर असतो. सहा आकडी करा, पाच चुकांनंतर कुलूप लागू द्या. प्रोग्रामिंगचा पासवर्डही बदला. बसवणारे बरेचदा सगळीकडे एकच ठेवतात. माणसं चार आणि मेलबॉक्स चोवीस असतील तर वीस काढून टाका. सोडून गेलेल्या मुनिमाचा तर आधी. मशीन इंटरनेटला जोडलेलं असेल तर राउटरवर ५०६० पोर्ट (इंटरनेटवरून फोन जोडायचा मार्ग) आणि मशीनच्या सेटिंगचं पान बाहेरून उघडं नको.

आता लोक विसरतात ती गोष्ट. ऑफिसच्या लँडलाइनवर व्हॉट्सअॅप बिझनेस चालवता का? खातं चालू करायचा त्याचा कोड फोनवर बोलूनही सांगितला जातो. रात्री कोणी तुमचा नंबर टाकून कोड मागवला, फोन व्हॉइसमेलने उचलला आणि पिन १२३४ निघाला, तर कोड त्याच्या हातात. मग तुमच्या नावाने व्यापाऱ्यांना नवा बँक खाते नंबर जायला वेळ लागत नाही. व्हॉट्सअॅपचं टू-स्टेप व्हेरिफिकेशन आजच चालू करा.

सेटिंगमध्ये सगळ्यात जास्त त्रास बिझी टोनचा, म्हणजे समोरच्याने फोन ठेवल्यावर लाइनवर येणाऱ्या टूं-टूंचा. आपल्याकडे तो ४०० हर्ट्झचा, पाऊण सेकंद वाजतो, पाऊण सेकंद थांबतो. मशीनमध्ये दुसऱ्या देशाचं सेटिंग राहिलं तर शेतकऱ्याने फोन ठेवला तरी मशीनला कळत नाही. मर्यादा संपेपर्यंत टूं-टूं रेकॉर्ड होत राहतं आणि लाइन अडकते. ऐन सीझनमध्ये हे परवडत नाही. देश 'इंडिया' निवडा, संदेश जास्तीत जास्त दोन मिनिटांचा आणि तीन सेकंदांखालचा आपोआप रद्द. साध्या वेव्ह फाइलला मिनिटाला साधारण एक एमबी लागतो, त्यावरून जागेचा हिशोब करा.

ग्रीटिंग पंधरा सेकंदांत संपवा, आधी मराठी, मग हिंदी. नाव, गाव, मोबाइल नंबर आणि किती क्विंटल कापूस, एवढंच विचारा. भाव त्यात सांगू नका. उद्या बदलला की काट्यावर भांडण ठरलेलं. "दिवाळीनिमित्त अमुक तारखेपर्यंत बंद" असंही नको, आवारात कापसाच्या गंज्या लागलेल्या असताना कोणी नाही हे जाहीर कशाला करायचं?

दिवसा अकरा वाजता "ऑफिस बंद आहे" ऐकू येत असेल तर घड्याळ पाहा. लाइट गेली आणि आतला बटन सेल मेलेला असला की वेळ चुकते आणि नाइट मोड भलत्या वेळी लागतो. सेल बदला, यूपीएस जोडा. शिवाय मृगाच्या विजा सुरू व्हायच्या आत सगळ्या सेटिंगचा बॅकअप पेनड्राइव्हवर घ्या आणि तो ऑफिसात न ठेवता घरी ठेवा.