विरोधाभास: विरोध की विरोधाचा आभास?

फोंड्याच्या एका मराठी शिक्षिकांनी विचारले आहे की विद्यार्थ्यांच्या निबंधांत ‘विरोधाभास’ हा शब्द दोन प्रकारे आला, तर कोणता ग्राह्य धरावा. एकाने लिहिले, ‘गोव्यात एवढा पाऊस पडतो आणि तरी मे महिन्यात विहिरी आटतात, हा विरोधाभास आहे.’ दुसऱ्याने लिहिले, ‘साक्षीदाराच्या दोन जबान्यांत विरोधाभास आहे, म्हणून तो खोटे बोलतो.’ शिवाय तत्त्वज्ञानातल्या कोड्यांनाही हाच शब्द चालतो का, असेही त्यांनी विचारले आहे. माझ्या मते पहिले वाक्य बरोबर आहे, दुसरे चुकीचे आहे, आणि शेवटच्या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देता येणार नाही.

‘विरोधाचा आभास तो विरोधाभास’ असा या समासाचा विग्रह होतो आणि त्याचा भार दुसऱ्या पदावर आहे. न्याय या भारतीय तर्कशास्त्रातला हेत्वाभास हेतूसारखा, म्हणजे अनुमानाच्या कारणासारखा दिसतो, पण हेतू नसतो. काव्यशास्त्रातला रसाभास रसासारखा भासतो, पण अनौचित्यामुळे रसाच्या पायरीला पोचत नाही. त्याच नियमाने जो विरोधासारखा दिसतो, पण विचार केल्यावर विरोध म्हणून उरत नाही, तो विरोधाभास. काव्यशास्त्रकार मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त विरोधाभास या अलंकाराला नुसते ‘विरोध’ असे नाव दिले, हे खरे. परंतु त्याचे लक्षण करताना ‘विरोधः सोऽविरोधेऽपि विरुद्धत्वेन यद्वचः’, म्हणजे विरोध नसतानाही विरोध असल्यासारखे बोलणे, असेच तो सांगतो. अप्पय्य दीक्षितांच्या ‘कुवलयानंदा’त हा आभास नावातच आलेला आहे.

साक्षीदाराचे वाक्य त्यामुळेच चुकते. ‘मी घरी होतो’ आणि ‘मी बाजारात होतो’ ही एकाच वेळेविषयीची दोन विधाने एकमेकांना खोडून काढतात. तेथे विसंगती आहे, परस्परविरोध आहे, आभास नाही. उलट वकिलाने असे दाखवून दिले की एक जबानी सकाळविषयीची आहे आणि दुसरी संध्याकाळविषयीची, तर तो विरोधाभास ठरेल आणि साक्षीदार खरा ठरेल. वृत्तपत्रांच्या भाषेत हा भेद जवळजवळ पुसला गेला आहे आणि मला ते खरोखर नुकसान वाटते, कारण विसंगतीसाठी आपल्याकडे चार शब्द आहेत. सुटणाऱ्या विरोधासाठी इतका नेमका शब्द हा एकच आहे.

हा शब्द कशासाठी राखून ठेवायचा, ते तुकोबांच्या एका अभंगावरून सर्वांत चांगले समजते. ‘आपुलें मरण पाहिलें म्यां डोळां । तो जाला सोहळा अनुपम्य ॥’ गोव्याच्या भजनी परंपरेत वाढलेल्या वाचकाला या ओळी नव्याने सांगायला नकोत, पण त्यांतली अडचण एकदा थांबून पाहावी. जो मेला तो पाहू शकत नाही, आणि जो पाहतो तो मेलेला नाही. मरण हा शब्द आपण नेहमीच्या अर्थाने घेतला तर ओळ अशक्य आहे. उलगडा बाहेरून आणावा लागत नाही, त्याच अभंगात पुढे तो ठेवलेला आहे: ‘एकदेशीं होतों अहंकारें आथिला । त्याच्या त्यागें जाला सुकाळ हा ॥’ मेला तो अहंकार, आणि पाहणारा त्याहून निराळा. विरोध मावळला, पण पहिल्या ओळीचा धक्का मावळला नाही, आणि या अलंकाराचे सामर्थ्य मला त्यातच दिसते. ‘माझा अहंकार गेला’ असे सरळ सांगितले असते, तर आपण मान डोलावून पुढे गेलो असतो. येथे मात्र ‘मी’ आणि ‘मरण’ या दोन्ही ओळखीच्या शब्दांचा अर्थ वाचकाला स्वतः बदलावा लागतो, त्याशिवाय ओळ त्याला आत येऊ देत नाही.

याच्या शेजारी गोव्याचे बा. भ. बोरकर यांच्या प्रसिद्ध ओळी ठेवून पाहाव्यात. ज्यांनी स्वतःचे शिर देऊन मानवतेचे मंदिर घडवले, त्यांच्या दहनभूमीवर ‘नाहि चिरा नाही पणती’. पुष्कळदा वर्गात यालाही विरोधाभास म्हटले जाते, पण येथे सोडवण्यासारखे काहीच नाही. मंदिर घडवणाऱ्याला चिरा मिळत नाही, हे अशक्य नाही, अन्याय्य आहे. दोन वस्तुस्थिती शेजारी ठेवल्याने मन पिळवटते. हा विरोध खराच आहे आणि तो तसाच राहावा अशी कवीची इच्छा आहे.

पावसाचे वाक्य या कसोटीला उतरते. गोव्यात वर्षाला सरासरी सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि तरी उन्हाळ्यात पाणी पुरत नाही, हे प्रथम न पटण्यासारखे वाटते. पण बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच पडतो, सच्छिद्र जांभ्यात मुरलेले पाणी फार काळ थांबत नाही, आणि सह्याद्रीतून निघालेल्या नद्या थोड्याच अंतरात समुद्राला मिळतात. ही कारणे कळली की दोन्ही गोष्टी एकत्र नांदू शकतात. विद्यार्थ्याने ही कारणे निबंधात लिहिली असतील, तर शब्द फारच योग्य जागी पडला आहे.

म्हणींत ‘दिव्याखाली अंधार’ हा विरोधाभास आहे, कारण बुडाची सावली लक्षात आली की तो सुटतो. ‘असून अडचण, नसून खोळंबा’ हा मात्र दोन्हीकडून कोंडणारा पेच आहे.

आता तत्त्वज्ञान. ईशावास्य उपनिषदात ब्रह्माविषयी ‘तदेजति तन्नैजति’ म्हटले आहे, ते चालते आणि ते चालत नाही. शंकराचार्य भाष्यात याचा अर्थ ‘अचलमेव सत् चलतीव’ असा लावतात. अचल असूनच ते जणू चालते. त्यांचा ‘इव’ आणि आपला ‘आभास’ एकच काम करतात, तेव्हा येथे विरोधाभास हा शब्द निःशंक वापरावा. ‘मी बोलतो ते सर्व खोटे आहे’ या वाक्याचे काय? ते खरे मानले तर ते स्वतःही खोटे ठरते. व्याकरणकार भर्तृहरीने ‘वाक्यपदीया’च्या तिसऱ्या कांडात नेमके हेच वाक्य, ‘सर्वं मिथ्या ब्रवीमि’, घेतले आहे आणि बोलणाऱ्याच्या विवक्षेत, म्हणजे त्याला जे सांगायचे आहे त्यात, हे वाक्य स्वतः येत नाही, कारण तेही खोटे धरले तर जे सांगायचे तेच कळणार नाही, असा निर्णय दिला आहे. त्याचा निर्णय मान्य असणाऱ्याने या वाक्यालाही विरोधाभासच म्हणावे.

परंतु १९०१ साली बर्ट्रांड रसेल यांना आढळलेले कोडे असे सुटत नाही. जे संच स्वतःचे घटक नाहीत त्या सर्वांचा संच स्वतःचा घटक आहे की नाही, याला ‘आहे’ म्हणा किंवा ‘नाही’ म्हणा, उलटेच उत्तर हाती येते. तेथे कोणाची विवक्षा पाहून भागले नाही, संच कशाला म्हणावे याचे नियमच गणितज्ञांना नव्याने बांधावे लागले. जुन्या नियमांपुरता तो विरोध खरा होता. ‘रसेलचा विरोधाभास’ हा प्रयोग आता रूढ आहे आणि तो चूक म्हणून कापावा असे मी म्हणणार नाही. स्वतः लिहिताना मात्र मी न्यायातल्या ‘अनिष्टापत्ती’च्या, म्हणजे नको तो निष्कर्ष येऊन पडण्याच्या, धर्तीवर ‘विरोधापत्ती’ हा शब्द पसंत करतो, कारण मान्य गृहीतांवरून विरोध येऊन पडला, एवढेच तो सांगतो आणि तो सुटेल असे वचन देत नाही.