मृणालताईंनीपण मेडिकल सोडलं होतं ना?

ताई, तुमचं पत्र येऊन आठ दिवस झाले, उत्तराला उशीर झाला त्याबद्दल सॉरी. दोनदा लिहायला बसले आणि दोन्ही वेळा बाजूला ठेवलं, कारण तुमच्या लेकीने जो मुद्दा काढलाय तो उडवून लावण्यासारखा नाही.

बाकीच्यांना कळावं म्हणून पत्र थोडक्यात सांगते. मुलगी लातूरला नीटच्या, म्हणजे मेडिकल प्रवेश परीक्षेच्या, रिपीटर बॅचला. पहिल्या वेळी ७२० पैकी ४१२ आले, आता टेस्ट सिरीजला ४३०-४४० च्या पुढे गाडी जात नाहीये. दिवाळीला घरी आली आणि फराळाच्या ताटावरच म्हणाली मला मेडिकल नको, मला समाजकार्य करायचंय, पुढे राजकारणात जायचंय. तुमच्या सासूबाई पूर्वी गोरेगावला चाळीत राहायच्या, महागाईविरुद्धच्या लाटणं मोर्चाला गेलेल्या, त्यांनी नातीला लहानपणापासून समाजवादी नेत्या मृणाल गोरेंच्या गोष्टी सांगितल्या. आता नात म्हणते, मृणालताईंनीपण मेडिकल सोडलं होतं, मग मी सोडलं तर काय बिघडलं? पप्पांनी बोलणं टाकलंय, दीड लाख फी भरलेली आहे, आणि तुम्ही विचारलंय की मी हिला काय उत्तर देऊ.

पहिली गोष्ट, तिची माहिती बरोबर आहे. मृणाल मोहिले, नंतरच्या मृणाल गोरे, हुशार विद्यार्थिनी होत्या, डॉक्टरकीचं शिक्षण घेत होत्या आणि ते अर्धवट सोडून चळवळीत आल्या. त्यामुळे "अगं तो काळ वेगळा होता" असलं काही बोलून तिला गप्प बसवू नका. ते ती दहा जणांकडून ऐकून बसलेली असणार, आणि खरं सांगू का, काळ वेगळा होता म्हणजे सोपा होता असं थोडंच आहे, १९४७-४८ च्या आसपास मुलीने मेडिकलची सीट सोडणं आजच्यापेक्षा जास्तच अवघड असणार.

माझी अडचण वेगळीच आहे. तुमच्या लेकीने त्या बाईंच्या आयुष्यातली एक ओळ उचललीये, सोडलं ही. पुढची साठेक वर्षं तिने वाचली आहेत का? आजींकडून मोर्चा ऐकला असेल, मोर्चा ऐकायला भारी असतोच, पण मोर्चाच्या आदल्या महिन्यात काय चाललं होतं ते गोष्टीत येत नाही.

बघा ना, लग्नानंतर त्या गोरेगावात आल्या तेव्हा गोरेगाव मुंबई महापालिकेतसुद्धा नव्हतं, ते १९५७ ला आलं. म्हणजे आजच्या भाषेत बोलायचं तर त्यांनी करिअर सुरू केलं ते शहराच्या बाहेर एका ग्रामपंचायतीच्या हद्दीत. १९५८ ला नवरा, केशव गोरे, गेले, पदरात लहान मुलगी. तीन वर्षांनी, १९६१ ला त्या महापालिकेत निवडून गेल्या, आणि प्रश्न कोणता धरला तर पाणी. क्रांती नाही, देश बदलणं नाही, नळाला पाणी. कुठल्या वस्तीत नळच नाही, पाइप कुठपर्यंत आलाय, कोणाच्या सहीसाठी अडलंय. असल्या प्रश्नाला ग्लॅमर काही नसतं, उलट ज्या बाईला चार वाजता उठून हंडा लावायला लागतो ती चिडून तुमच्याच अंगावर येते. बायकांना घेऊन महापालिकेवर हंडा मोर्चे काढले, आणि लोकांनी नाव ठेवलं पाणीवाली बाई. पुढे त्या आमदार झाल्या, खासदार झाल्या, विधानसभेत विरोधी पक्षनेत्या झाल्या, तरी लोक ओळखतात ते पाणीवाली बाई म्हणूनच. मला त्यांच्याबद्दल सगळ्यात जास्त कशाचं कौतुक असेल तर ह्याचं, त्या नावाची त्यांना कधी अडचण झाली नाही.

मग १९७२. दुष्काळ, रेशनला साखर नाही, तेल नाही, रॉकेल नाही. मृणालताई, अहिल्याताई रांगणेकर, प्रमिलाताई दंडवते अशा वेगवेगळ्या पक्षांच्या बायका एकत्र आल्या आणि महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती झाली. समाजवादी आणि कम्युनिस्ट एका स्टेजवर, ते काय सोपं नव्हतं, आज एका सोसायटीतल्या दोन ग्रुपना गणपतीची एक मीटिंग करता येत नाही. तुमच्या सासूबाई थाळी-लाटणं घेऊन निघाल्या त्या ह्याच मोर्चांना. आणीबाणीत मृणालताई भूमिगत झाल्या, मग तुरुंगात. १९७७ ला उत्तर मुंबईतून खासदार झाल्या आणि घोषणा निघाली, पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई (म्हणजे इंदिरा गांधी) पाण्यात. ही घोषणा तुमच्या लेकीला पाठ असणार, मी पैज लावते.

पण मला तिला दुसरंच दाखवायचंय. लातूरला किंवा तुमच्या गावात कुठल्याही सोनोग्राफी सेंटरमध्ये जाऊ दे आणि वेटिंगच्या खुर्चीवर बसून भिंतीकडे बघू दे. बोर्ड असतो, इथे गर्भलिंग निदान केलं जात नाही, तो गुन्हा आहे. गर्भलिंग निदानावर कायदा करणारं देशातलं पहिलं राज्य महाराष्ट्र, १९८८ ला, केंद्राचा कायदा त्यानंतर सहा वर्षांनी, १९९४ ला आला. राज्याच्या कायद्यासाठी विधानसभेत ज्यांनी हा विषय लावून धरला त्यात मृणालताई होत्या. म्हणजे ज्या बाईने मेडिकल सोडलं तिच्या कामाचा धागा आज प्रत्येक सोनोग्राफी मशीनपर्यंत येतो. तुमची मुलगी अकरावीपासून बायोलॉजी घोकतीये ते उद्या कुठे कामाला येईल हे तिलाही माहीत नाही आणि पप्पांनाही नाही, त्यामुळे दीड लाख पाण्यात गेले हे वाक्य घरात सध्या तरी बंद करा. फी भरून झालीये, ती काही परत येत नाही, आणि ती वसूल व्हावी म्हणून पोरीची अजून पाच-सहा वर्षं त्यात टाकायची का, हा हिशोब शांतपणे करा.

आता लेकीला विचारायचा प्रश्न. मृणालताईंनी मेडिकल सोडलं तेव्हा त्यांच्या हातात राष्ट्र सेवा दल ह्या तरुणांच्या संघटनेचं काम आधीपासून होतं, माणसं होती, सवय लागलेली होती. रिकाम्या हाताने त्या निघाल्या नव्हत्या. तुझ्या हातात आत्ता काय आहे? हा प्रश्न टोमणा म्हणून नका विचारू हं. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलीच्या हातात काही नसेल तर तो तिचा दोष नाही, आपणच तिला अकरावीपासून हॉस्टेलच्या खोलीत ओएमआर शीटसमोर बसवलंय, काम करायला ती जाणार कधी.

इथे माझा एक जुना किस्सा सांगते. करिअरचा सल्ला द्यायच्या ह्या कामात नवीन असताना माझ्याकडे एक मुलगा आला होता, एका महिला आयपीएस ऑफिसरचं भाषण ऐकून त्याने इंजिनिअरिंगची नोकरी सोडायची ठरवली होती. मी मोठ्या उत्साहात त्याला म्हटलं जा, तुझ्यात आग आहे. पाच वर्षांनी परत आला तेव्हा यूपीएससीचे तीन अटेम्प्ट झाले होते, आणि म्हणाला मॅडम मला ते भाषण आवडलं होतं हो, फायली आवडतात का ते मी कधी बघितलंच नाही. मीही विचारलं नव्हतं. तेव्हापासून कोणी माझ्याकडे एखादं नाव घेऊन आलं, की मला त्यांच्यासारखं व्हायचंय, तर मी पहिलं विचारते की त्या मंगळवारी दुपारी साडेतीनला काय करत असतील ते सांग. बहुतेकांना सांगता येत नाही.

तर तुमच्या लेकीला ती मंगळवारची दुपार बघू द्या. ख्रिसमसच्या सुट्टीत घरी आली की एक छोटं काम द्या. तुमच्या वॉर्डात पाणी किती दिवसांनी येतं, किती वेळ येतं, कुठल्या गल्लीत प्रेशर नाही, टँकर येतो तर कोणाच्या सांगण्यावरून येतो, हे पंधरा-वीस घरं फिरून वहीत लिहायचं. मग नगरपरिषदेत जाऊन पाणीपुरवठा विभाग शोधायचा, साहेब जागेवर नसतील, परत जायचं, परत नसतील. मग माहिती अधिकाराचा अर्ज टाकायचा, जोडपत्र अ, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, आणि पावती म्हणून दुसऱ्या कॉपीवर सही-शिक्का मागून घ्यायचा, हा शिक्का मागायला पहिल्या वेळी जाम भीती वाटते, मागू दे तिला. माहिती द्यायला त्यांच्याकडे तीस दिवस असतात. अर्ज टाकून तिने लातूरला परत जावं आणि अभ्यास करावा. तुम्ही मध्ये पडू नका, आणि मेहेरबानी करून ओळखीच्या नगरसेवकाला फोन करून तिचं काम सोपं करू नका.

ह्या पंधरा दिवसांत तिला कंटाळा आला तर वाईट वाटून घेऊ नका, आणि हुरळूनही जाऊ नका की बघ म्हटलं नव्हतं. कंटाळा सगळ्यांना येतो. बघायचं ते एवढंच की कंटाळा आल्यावर ती परत गेली का. गेली असेल तर माझ्या लेखी तिचं म्हणणं पक्कं आहे आणि मग पप्पांना समजावायची जबाबदारी माझी, त्यांना घेऊन या.

कोर्सचं पटकन सांगते, कारण ते पुढच्या भेटीत सविस्तर बोलता येईल. बारावी सायन्सनंतर समाजकार्याची पदवी, बीएसडब्ल्यू, करता येते, मुंबईत निर्मला निकेतन आहे, ते १९५५ पासून समाजकार्य शिकवतंय. दुसरा रस्ता म्हणजे राज्यशास्त्र, अर्थशास्त्र असं काहीतरी घेऊन बीए आणि मग समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी, पुण्यात कर्वे समाजसेवा संस्था आहे, मुंबईत टिस, म्हणजे टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस, आहे. पाच वर्षांचा लॉ हा तिसरा, आणि मला विचाराल तर राजकारणात जायचं म्हणणाऱ्या मुलीला हा सगळ्यात उपयोगी, पोटापाण्याची सोय आणि कायदा दोन्ही हातात येतं. बीएस्सी नर्सिंगही डोक्यातून काढू नका. समाजकार्यात सुरुवातीचा पगार बेताचाच असतो हे तिला आत्ताच सांगा, नंतर कळण्यापेक्षा बरं. राजकारण हे करिअर म्हणून मी कोणालाच सुचवत नाही, त्याला दुसरं काहीतरी कमावण्याचं साधन सोबत लागतं, नाहीतर माणूस कोणाच्या तरी दावणीला बांधला जातो. दार मात्र उघडं आहे, आपल्याकडे स्थानिक स्वराज्य संस्थांत बायकांना ५० टक्के आरक्षण आहे आणि एकविसाव्या वर्षी निवडणूक लढवता येते. पण किती ठिकाणी बाई निवडून येते आणि खुर्चीवर नवरा बसतो ते तुम्हीही बघताच.

नीटचं काय, तर ह्या वर्षी फॉर्म भरा आणि परीक्षा देऊ द्या. मे महिन्यापर्यंतचा प्रश्न आहे, मधेच सोडून घरी बसली तर दोन्हीकडचं जाईल आणि वर मन खाईल. पण ओपनमधून सरकारी एमबीबीएसला सध्याचे मार्क पुरणार नाहीत हे तुम्हालाही माहितीये, आणि मॅनेजमेंट कोट्यासाठी शेत विकायचा विचार पत्रात शेवटी एका ओळीत तुम्ही लिहिलाय, तो कृपा करून मनातून काढा. अजून एक ड्रॉप तर अजिबातच नको. नीट होण्याची वाट न बघता बाकीचे फॉर्म भरायला घ्या, सीईटीचे फॉर्म आणि तारखा आधीच येतात, त्या कॅलेंडरवर लिहून ठेवा.

पप्पांबद्दल एकच. ते रागावलेत ते फीसाठी नसणार, गावात डॉक्टरचे पप्पा म्हणून मिरवायचं राहिलं त्याचं ते दुःख आहे, आणि ते खरं दुःख आहे, त्यावर हसू नका. फक्त ते त्यांचं आहे हे त्यांना कळू द्या.

आणि ताई, घरात एवढी मोठी साक्षीदार बसलीये तिचा उपयोग करून घ्या ना. नातीला सांगा आजीजवळ बसून नीट विचार. मोर्चा किती मोठा होता ते नको विचारूस, ते तिने शंभरदा सांगितलंय. मोर्चाला कोणी बोलावलं, दारावर कोण आलं होतं, किती वेळा आलं होतं, आजोबा काय म्हणाले, त्या दिवशी घरी पोळ्या कोणी केल्या, आणि मोर्चानंतरच्या आठवड्यात परत मीटिंगला किती जणी आल्या. आजी काय सांगतात ते मलाही कळवा, मला खरंच ऐकायचंय.